घाट परवा बंद

रेल्वे स्टेशनच्या मोठ्या हॉलमध्ये, तिकीट खिडक्यांच्या रांगेच्या अगदी शेवटी, पाहुण्यांसाठी एक चौकशी खिडकी होती. देश बघायला बाहेरून आलेल्या माणसानं तिथं यावं, कुठं जायचं ते सांगावं आणि कशानं जावं ते विचारून घ्यावं, एवढंच तिचं काम. आत एक टेबल, एक टेलिफोन, भिंतभर नकाशा आणि एक लांबट नोंदवही. सकाळपाळीला त्या टेबलामागे बसणाऱ्या गृहस्थांना सगळं स्टेशन जपूनकाका म्हणायचं, कारण त्यांचं कुठलंही सांगणं ‘जपून जा’ या दोन शब्दांवर संपायचं. तीन दिवसांच्या प्रवासाला निघालेल्याला ते जपून जा म्हणायचे, आणि स्वच्छतागृह कुठं आहे असं विचारणाऱ्यालाही.

माणूस मुळातच भित्रा. उंचीची भीती, पाण्याची भीती, वळणांची भीती, वेगाचं तर विचारूच नका. घरात बल्ब बदलायचा तर शिडीवर बायको चढायची आणि हे खाली शिडी घट्ट धरून डोळे मिटून उभे राहायचे. पण गंमत अशी, की या भित्रेपणामुळेच त्यांच्यासारखा प्रवासाचा सल्ला दुसऱ्या कुणाला देता यायचा नाही. गाडीचा कुठला डबा कमी हलतो, लाँचनं जायचं तर वारा सुटायच्या आधीची पहिली फेरीच का धरायची, बसमध्ये मागच्या चाकावरची सीट का नको, भाड्याच्या गाडीत पाय ठेवण्याआधी ड्रायव्हरला काय विचारायचं, सगळं तोंडपाठ. ज्या ज्या रस्त्यावर माणसाचं काही बरंवाईट होऊ शकेल, तो प्रत्येक रस्ता त्यांनी खुर्चीत बसल्या बसल्या मनातल्या मनात तुडवला होता. प्रत्यक्षात मात्र एकवीस वर्षांत ते घर ते स्टेशन एवढंच चालले होते, तेही फूटपाथच्या आतल्या कडेनं.

अशा माणसाच्या पोटी लेक जन्माला आली ती गाडीवेडी. चोवीस वर्षांची होती. दोन वर्षांपूर्वी तिनं एक जुनी पांढरी गाडी घेतली आणि पाहुण्यांना फिरवायचा धंदा सुरू केला. तेव्हापासून जपूनकाकांच्या पोटात रोज सकाळी एक गोळा यायचा, तो लेक संध्याकाळी दारात चपला काढेपर्यंत विरघळायचा नाही. कधीकधी ती लवकर परतायची, पण शेजारणीशी जिन्यात बोलत उभी राहायची. तेवढा वेळही हे आत खुर्चीच्या काठावर बसून राहायचे.

“बाबा,” ती एकदा जेवताना म्हणाली होती, “दिवसाला चाळीस माणसं तुम्हाला विचारतात, कशानं जाऊ म्हणून. एकदा तरी माझं नाव सांगा की.”

“घरच्या माणसाचं नाव सांगणं बरं दिसत नाही,” ते म्हणाले.

हे खोटं होतं आणि दोघांनाही ते ठाऊक होतं. खरं कारण असं, की आपण पाठवलं आणि काही झालं तर, या विचारापुढं त्यांचं मन जायलाच तयार नव्हतं. दुसऱ्या कुणी पाठवलं तर निदान ते आपल्या तोंडून गेलेलं नसेल. लेकीनं चार-पाचदा विचारलं आणि मग विचारणं सोडून दिलं. तिनं ते सोडून दिलेलं जपूनकाकांना जास्त लागलं. पण बोलणार कोण?

आता नोंदवहीचं सांगायला हवं. दुपारपाळीला त्या खिडकीवर एक बाई बसायच्या. त्यांचं आणि काकांचं काही वैर नव्हतं, फक्त बाईंना शब्दांचा कंटाळा होता आणि काकांना शब्दांची कमतरता सोसवायची नाही. नोंदवहीत प्रत्येक बातमीला एकच ओळ आखलेली असायची आणि मोठ्या साहेबांची सक्त ताकीद होती, की नोंद ओळीबाहेर जाता कामा नये. बाईंनी त्यावर उपाय काढला तो असा, की क्रियापदच लिहायचं नाही. ‘लाँच बंद. वारा.’ ‘रात्रगाडी उशिरा. चाळीस.’ ‘लॉज भरलं. दोन्ही.’ वाचणाऱ्यानं समजून घ्यायचं. हळूहळू काकाही तसंच लिहायला लागले आणि दोन्ही पाळ्यांचं त्यात छान जमून गेलं.

मंगळवारी सकाळी काकांनी वही उघडली तेव्हा सोमवारच्या तारखेला बाईंच्या अक्षरात लिहिलेलं होतं, ‘घाट परवा बंद. दगड.’

काकांना हसू आलं. शनिवारी घाटात दरड आली होती, रस्ता दोन तास बंद होता, हे त्यांना शनिवारीच कळलं होतं. बाई दोन दिवस रजेवर होत्या, त्यांना सोमवारी कळलं असणार. शिळी बातमी, असं मनाशी म्हणून त्यांनी पान उलटलं.

त्याच दिवशी दहाच्या सुमाराला दोन म्हाताऱ्या बहिणी खिडकीपाशी आल्या. थोरली अठ्ठ्याहत्तरची, धाकटी सत्तरची. लहानपणी आईवडिलांबरोबर हा देश सोडून गेलेल्या, आणि आता दहा दिवसांसाठी पाहुण्या म्हणून आलेल्या. भाषा येत होती, पण ती पासष्ट वर्षांपूर्वीची. मोटारीला त्या ‘मोटार’ म्हणायच्या आणि ऑफिसला ‘कचेरी’. थोरली काठी टेकत होती. धाकटी तिच्याकडे बघत बघत चालत होती.

“डोंगरापलीकडे आमची शाळा होती,” धाकटी म्हणाली. “हिला ती बघायची आहे. आधी ती, मग बाकीचा देश. कशानं जावं ते सांगा भाऊ.”

“रेल्वेनं जा,” काका लगेच म्हणाले. “डोंगराला वळसा घालून जाते, पण सुखरूप. मधला डबा, डावीकडची खिडकी. अकरा तास.”

“अकरा तास हिच्या पाठीला जमणार नाहीत.”

“मग खाडीतून लाँच आहे. पहाटेची पहिली. पुढं दोन तास बस.”

“पाण्यावर ही चार मिनिटंसुद्धा टिकत नाही.”

“मग घाटातली बस.” हे म्हणताना त्यांचा आवाज आपोआप खाली आला. नकाशावर घाटाची रेघ त्यांनी स्वतः लाल पेन्सिलीनं जाड केली होती. “पण पायऱ्या उंच आहेत. वाटेत माळरानावर बस बदलावी लागते, आणि तिथून पुढं बसायला जागा मिळेलच असं नाही.”

थोरलीनं काठी खिडकीच्या कडेला टेकवली आणि काकांच्या डोळ्यांत बघून विचारलं, “तुमची आई असती माझ्या जागी, तर तुम्ही तिला कुणाबरोबर पाठवलं असतं?”

एकवीस वर्षांत हा प्रश्न कुणी केला नव्हता. जपूनकाकांनी टेबलावरची पेन्सिल उचलली, खाली ठेवली, परत उचलली. स्टेशनबाहेर उभे राहणारे सगळे ड्रायव्हर त्यांच्या डोळ्यांपुढून गेले. एक झोपाळू, एक तापट, एक फोनवर बोलत गाडी चालवणारा. आणि मग जी एक उरली, ती उरलीच.

“एक मुलगी आहे,” ते म्हणाले. “माझीच आहे. गाडी चांगली चालवते.”

घरी गेल्यावर त्यांनी लेकीला सांगितलं. ती उठली आणि गाडी धुवायला गेली. खरं तर गाडी धुतलेलीच होती.

बुधवारी सकाळी आठला जपूनकाका ऑफिसात न जाता स्टेशनच्या आवारात गाडीखाली वाकलेले होते. त्यांनी चारही टायर अंगठ्यानं दाबून पाहिले. स्टेपनी काढून पाहिली. ब्रेकवर लेकीला सात वेळा पाय ठेवायला लावला. प्रथमोपचाराच्या पेटीतली पट्टी जुनी निघाली तेव्हा स्टेशनमास्तरांच्या पेटीतून नवी आणली. पाण्याच्या बाटल्या, थोरलीसाठी उशी, सगळं पाहिलं. घाटाच्या दिशेला कुणी जाणार असेल तर रोज सकाळी बसस्टँडला फोन लावून ‘आज घाट चालू आहे ना’ असं विचारायची त्यांची सवय. मंगळवारीही त्यांनी फोन लावला होता आणि ‘आज चालू’ असं उत्तर मिळालं होतं. बुधवारी फोनच्या वेळेला ते गाडीखाली होते.

“मोठ्या रस्त्यानं जाऊ नकोस,” त्यांनी लेकीला सांगितलं. “ट्रक फार असतात. घाटाच्या नाक्याच्या अलीकडे जुना फाटा आहे ना, त्यानं वर चढ. अरुंद आहे, पण रिकामा. डोंगराच्या कुशीतून जातो आणि वर मोठ्या रस्त्याला मिळतो.”

“बरं.”

बहिणी मागं बसल्या. लेकीनं चावी लावली आणि नेहमीच्या दोन शब्दांची वाट बघत थांबली. जपूनकाकांच्या मनात आलं, आज तरी हिला घाबरवायला नको. पहिल्यांदा आपण पाठवतोय, हसतमुखानं पाठवावं. त्यांनी दारावर थाप मारली.

“रस्ता अगदी मोकळा आहे,” ते म्हणाले. “बिनधास्त जा.”

लेकीनं वळून त्यांच्याकडे पाहिलं. मग गाडी निघाली. पावणेनऊ वाजले होते.

बुधवारी मोठ्या साहेबांकडे दोन्ही पाळ्यांची बैठक असायची, म्हणून बाई दहालाच आल्या. पर्स खुर्चीला अडकवत त्यांनी सहज विचारलं, “आज घाटाकडे कुणी विचारायला आलं नाही ना? नाहीतर उगाच हेलपाटा लोकांना.”

“हेलपाटा कसला?”

“अहो, घाट बंद ना आज. मी लिहिलंय की सोमवारी. सैल झालेले दगड सुरुंग लावून उडवणार आहेत.”

काकांनी वही ओढली. पान उलटताना बोटांना पान सापडेना. ‘घाट परवा बंद. दगड.’

“हे परवा...” ते म्हणाले, “हे झालेलं परवा ना? शनिवारचं?”

“झालेलं कशाला लिहीन मी? येणारं परवा. आजचं.”

एकच शब्द, मागे जाणारा आणि पुढे जाणाराही, आणि त्यापुढं ‘होता’ की ‘राहील’ एवढं एक क्रियापद नाही. बाईंचा चेहरा हळूहळू बदलला, कारण काकांच्या चेहऱ्यावर त्यांनी काय ते वाचलं होतं.

“कोण गेलंय काका?”

“माझी पोर.”

लेकीचा फोन लागेना. घाटाच्या पायथ्यापासून पुढं फोन लागतच नाही, हे काकाच सगळ्या पाहुण्यांना सांगत आले होते. बसस्टँडवरच्या माणसानं शांतपणे सांगितलं, की नाक्यावर अडसर आहे, एकही गाडी वर सोडत नाहीत, काळजी करू नका. “आणि जुन्या फाट्यावर?” काकांनी विचारलं. “जुन्या रस्त्यानं आता कोण जातं?” तो माणूस म्हणाला. “तिथं कशाला कुणी उभं करेल?”

नाक्याचा फोन नुसता वाजत राहिला, कुणी उचलेना. सुरुंग अकरा वाजता उडणार होते. जुना रस्ता बरोबर त्या दगडांच्या खालून जात होता. नकाशावर लाल रेघेच्या खाली ती बारीक रेघ काकांनीच कधीतरी बोट ठेवून पाहिली होती.

ते धावत बाहेर आले. आता एकवीस वर्षं जो प्रश्न लोक त्यांना विचारत होते तो त्यांच्याच पुढं उभा राहिला. कशानं जाऊ? रेल्वे उलट्या बाजूनं जाते. लाँच खाडीकडे. बस बंद. स्टँडवरचे ड्रायव्हर म्हणाले, घाट बंद आहे काका, येऊन काय करणार? पार्सलच्या खिडकीपाशी एक दणकट माणूस मोटरसायकलला खोकी बांधत होता. तो रोज नाक्यापर्यंत सामान पोचवायचा. काकांनी त्याचा दंड धरला.

“मला ने. आत्ता.”

“खोकी आहेत काका मागे.”

“खोकी उतरव.”

पाहुण्यांना वाटायचा एक छापील कागद होता, काकांनीच लिहिलेला. त्यातली चौथी सूचना अशी, की अनोळखी माणसाच्या दुचाकीवर कधीही बसू नये. पार्सलवाल्याची ओळख म्हणाल तर त्याच्या खोक्यांवरच्या पत्त्यांपुरती. काका त्याच्यामागं बसले आणि दोन्ही हातांनी त्याचं पोट आवळून धरलं.

मोठ्या भीतीपुढं लहान भीती पळून जाते म्हणतात, तसलं काही झालं नाही. दोन्ही भीती शेजारी शेजारी बसून आल्या. प्रत्येक वळणाला काकांचा जीव खाली वर होत होता, ट्रक शेजारून गेला की डोळे गच्च मिटत होते, आणि त्याच वेळी ओठ पुटपुटत होते, “जोरात घे, अजून जोरात.” पार्सलवाला म्हणाला, “काका, पोट सोडा, मला श्वास घेता येत नाही.” काकांनी पकड सैल केली आणि पुढच्या खड्ड्याला परत आवळली.

वाटेत त्यांनी हिशेब मांडून पाहिला. पावणेनऊला निघाली. बहिणींना शाळेच्या वयातलं काहीबाही बघायचं असणार, दोनदा थांबली असेल. म्हणजे फाट्यावर सव्वादहा. वरचा चढ अरुंद, ती सावकाश चालवणार, कारण तिला तसंच शिकवलंय. म्हणजे बरोबर अकराला ती नेमकी त्या दगडांखाली. किती सावकाश चालव म्हणून आपण तिच्या मागं लागलो होतो. तिनं एकदा तरी ऐकायला नको होतं.

नाक्याला पोचले तेव्हा अकराला बारा मिनिटं कमी होती. रस्त्यावर आडवा बांबू, लाल फडकं, आणि डोक्याला पिवळं हेल्मेट घातलेला मुकादम. काकांनी गाडी थांबायच्या आधीच उतरायचा प्रयत्न केला आणि गुडघ्यावर पडले.

“थांबवा,” ते म्हणाले. “खालच्या रस्त्यावर गाडी आहे. तिघी आहेत. माझी मुलगी आहे.”

मुकादमाच्या तोंडचं पाणी पळालं. त्यानं वायरलेसचा सेट तोंडाशी नेला, बटण दाबलं, हाक दिली. नुसती खरखर. परत हाक दिली. तेवढ्यात वरच्या डोंगरातून भोंगा वाजला, लांबलचक, आणि थांबला.

“पहिला भोंगा झाला,” मुकादम म्हणाला. “भरलेल्या सुरुंगाजवळ वायरलेस चालू ठेवत नाहीत. त्यांचे सेट बंद आहेत आता. पायी वर पोचायला अर्धा तास लागतो.”

“आणि दुसरा भोंगा?”

“दहा मिनिटांनी. मग उडवतात.”

काका परत मोटरसायकलवर बसले. मुकादम मागून ‘जाऊ नका’ म्हणून ओरडत होता. फाटा दोन किलोमीटर मागं होता. तिथं ओल्या मातीत टायरच्या ताज्या खुणा होत्या, आत वळलेल्या. बाहेर येणाऱ्या खुणा नव्हत्या. पार्सलवाल्यानं इंजिन बंद केलं.

“यापुढं मी येणार नाही काका,” तो म्हणाला आणि मान खाली घातली. “मला दोन लहान मुली आहेत.”

“नकोच येऊ,” काका म्हणाले. “तू इथं थांब आणि कुणाला आत सोडू नकोस.”

मग ते धावायला लागले. चपलांनी धावता येईना म्हणून चपला काढून टाकल्या. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला खोल दरी, आणि मधे गाडीपुरता रस्ता. आयुष्यभर ज्याला ते घाबरत आले ते सगळं तिथं एका जागी होतं, आणि ते खरंच तितकंच भयंकर होतं. छातीत दुखत होतं. त्यांनी लेकीला हाका मारल्या. डोंगरानं त्याच हाका परत दिल्या. एका वळणानंतर दुसरं वळण, त्यावर गाडी नाही. तिसरं वळण, गाडी नाही. म्हणजे ती आणखी वर आहे. वर म्हणजे दगडांच्या जवळ.

दुसरा भोंगा झाला.

काका रस्त्याच्या मधोमध उभे राहिले. त्यांना एवढंच वाटलं, की काय व्हायचं ते आपल्यालाही व्हावं. मग पायाखालची जमीन हलली आणि नंतर आवाज आला. एक, दोन, तीन, मग एकदम पुष्कळ. पुढच्या वळणामागे दगड पडायला लागल्याचा गडगडाट झाला आणि बराच वेळ चालला. लहान खडे गडगडत त्यांच्या पायांपर्यंत आले. मग वळणावरून पांढुरक्या धुळीचा ढग आला आणि त्यांना काही दिसेना.

ते तिथंच बसले. उठून पुढं जायची हिंमत त्यांच्यात नव्हती. पुढं जाऊन बघितलं नाही तोवर काही झालेलं नाही, असं त्यांना वाटत होतं. वहीतली ती ओळ डोळ्यांपुढून हलेना. आपण हसलो होतो ती वाचून. शिळी बातमी म्हणालो होतो.

आणि तेव्हा हॉर्न वाजला. दोन छोटे, एक लांब. घराखाली गाडी लावताना ती रोज वाजवायची तसा.

जपूनकाका कसे उठले, कसे चालले, ते त्यांना नंतर सांगता आलं नाही. वळणापलीकडे, कधीकाळी टोलची दगडी खोली होती तिच्या आडोशाला, पांढरी गाडी उभी होती. गाडीचं तोंड खाली, शहराच्या दिशेला वळवलेलं होतं. काचांवर धूळ. लेक दाराला धरून उभी होती आणि आत दोघी बहिणी एकमेकींचे हात घट्ट धरून बसल्या होत्या. खोलीपासून तीसेक पावलांवर, वरच्या अंगाला, रस्ता दिसतच नव्हता. तिथं दगडांचा ढीग होता आणि त्यातला एक जवळजवळ गाडीएवढा होता.

“बाबा,” लेक म्हणाली, “तुम्ही इथं? पायात चपला नाहीत तुमच्या.”

काकांनी तिचे दोन्ही खांदे चाचपले, डोकं चाचपलं, मग हात धरून ठेवला. हात सोडायचा म्हटलं तरी सुटेना.

“तुला कुणी सांगितलं थांबायला?”

“तुम्हीच.”

“मी? अगं, मी तर बिनधास्त जा म्हणालो.”

“तेच ना,” ती म्हणाली. “जन्मात कधी तुम्ही मला बिनधास्त जा म्हणाला नाहीत. समोरच्या दुकानात जाताना पण नाही. सगळ्या वाटेवर माझ्या डोक्यात तेच. म्हटलं, बाबांना बरं नाही. काहीतरी होतंय आणि सांगत नाहीयेत. फोन लागेना. शेवटी मावशींना म्हटलं, मी परत फिरते, एकदा बाबांना बघून येऊ. गाडी वळवायला या खोलीपाशी तेवढी जागा होती. वळवली आणि पहिला भोंगा झाला. कुठून काय येतंय ते कळेना, मग भिंतीला चिकटून थांबलो.”

काकांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि रडू फुटलं. पंचावन्न वर्षांचा माणूस, अनवाणी, रस्त्यावर उभा राहून मोठ्यानं रडला. लेकीनं त्यांना गाडीला टेकवून उभं केलं. थोरलीनं काच खाली करून पाण्याची बाटली पुढं केली.

“भाऊ,” ती म्हणाली, “आम्हाला परत रेल्वेचं सांगा बरं.”

परतताना काका पहिल्यांदाच लेकीच्या गाडीत बसले. फाट्यावर पार्सलवाला त्यांच्या चपला हातात घेऊन उभा होता. गाडी दिसल्यावर तो मटकन खाली बसला. काकांनी वाटेत लेकीला सगळं सांगितलं, वही, ओळ, परवा, सगळं. काही लपवलं नाही. ती ऐकत होती आणि गाडी चालवत होती.

“म्हणजे माझं नाव आता परत सांगणार नाही तुम्ही,” ती शेवटी म्हणाली.

काका खिडकीबाहेर बघत राहिले.

बाईंनी त्या दिवसापासून वहीत पूर्ण वाक्यं लिहायला सुरुवात केली, वार आणि तारखेसकट. ती ओळीबाहेर गेली, समासात गेली, एकदा तर मागच्या पानावर गेली. मोठ्या साहेबांनी विचारलं तेव्हा काका त्यांच्यासमोर उभे राहिले आणि चूक कुणाची तेही त्यांनी सांगितलं. बाईंची नाही, माझी, वाचणाऱ्यानं विचारायला हवं होतं, असं म्हणाले. साहेबांनी वहीकडे पाहिलं आणि परत ओळीचं नाव काढलं नाही.

शनिवारी बहिणी पुन्हा खिडकीपाशी आल्या. घाट शुक्रवारीच सुरू झाला होता. थोरलीला शाळा बघायचीच होती आणि अकरा तास रेल्वेत तिची पाठ अजूनही टिकणार नव्हती. “कशानं जावं भाऊ?” धाकटीनं विचारलं. थोरलीनं काठी परत खिडकीच्या कडेला टेकवली.

काकांनी त्या सकाळी बसस्टँडला फोन केला होता. नाक्यालाही केला होता, आणि मुकादमाच्या घरीसुद्धा. लेकीचं नाव घेताना त्यांचा आवाज दोनदा अडकला. पण त्यांनी नाव घेतलं.

आवारात बहिणी मागं बसल्या. लेकीनं पट्टा लावला, आरसा नीट केला आणि हात मांडीवर ठेवून बसून राहिली.

“रस्ता कसा आहे बाबा?”

“चालू आहे. मी तीन ठिकाणी विचारलंय. मोठ्या रस्त्यानंच जा.”

“बरं.” तिनं चावीला हात लावला नाही. समोर बघत तशीच बसली. मागून कुणीतरी हॉर्न वाजवला, तरी हलली नाही.

जपूनकाकांना मग कळलं. त्यांनी खिडकीच्या काचेवर हात ठेवला.

“जपून जा,” ते म्हणाले.

मग तिनं चावी फिरवली.